दिसलेला पक्षी इतरांना कसा कळवावा : इंदूरच्या तलावांवरून काही सूचना

काही वर्षांपूर्वी डिसेंबरातल्या एका सकाळी सिरपूरच्या पाळीवरून मी ओळखीच्या पक्षीनिरीक्षकांना पट्टकादंब या हंसासारख्या हिवाळी पाहुण्या पक्ष्यांबद्दल एक संदेश पाठवला होता : ‘सिरपूरला पट्टकादंब, पाच, लवकर या.’ तासाभराने सुदामानगरात राहणाऱ्या एका काकांचा फोन आला. थंडीत स्कूटर काढून ते आले होते, अर्धा तास दुर्बीण लावून पाण्यावर नजर फिरवत होते आणि त्यांना नेहमीच्या काळ्या चांदव्यांशिवाय काही दिसत नव्हते. त्यांनी शांतपणे विचारले, ‘‘अरे, कोणत्या सिरपूरला?’’ काका छोट्या सिरपूरच्या काठावर उभे होते आणि मी मोठ्या तलावाच्या पाळीवर होतो. ते वळसा घालून येईपर्यंत पाचही पक्षी उठून गेले होते.

त्या संदेशात चार-पाच शब्द कमी पडले होते. त्यानंतर दोन पावसाळ्यांनी माझ्याकडून नेमकी उलटी चूक झाली. जे लिहायला नको होते ते मी लिहिले, आणि त्याची किंमत सारसाच्या एका जोडीने मोजली. ती हकीकत पुढे येईल. या दोन चुकांतून मी जे शिकलो ते इथे पायरीपायरीने मांडत आहे. सिरपूर आणि यशवंत सागर हे दोन्ही तलाव २०२२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आले, २०२५ च्या जानेवारीत उदयपूरबरोबर इंदूरला पाणथळ शहर म्हणून मान्यता मिळाली, आणि रविवारी सकाळी पाळीवर गळ्यात दुर्बीण अडकवलेली नवी मंडळी भेटू लागली. ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र पाहणारे वाढले की एकमेकांना काय आणि कसे सांगायचे याची शिस्त प्रत्येकाने अंगी बाणवणे गरजेचे होते.

फोनच्या आधी वही

पक्षी दिसताच हात खिशातल्या फोनकडे जातो. तो दोन मिनिटे आवरावा आणि आधी वही काढावी. वहीत पहिल्यांदा पक्ष्याचे नाव लिहू नये. जे डोळ्यांना दिसले ते लिहावे. नाव हा आपण काढलेला निष्कर्ष असतो आणि एकदा तो कागदावर उतरला की मन त्या नावाला साजेशाच खुणा शोधू लागते, हा माझा कितीतरी वेळचा अनुभव आहे.

बदकांच्या बाबतीत ही काळजी विशेष घ्यावी लागते. थापट्या, तलवार बदक, चक्रांग यांचे नर हिवाळ्याच्या सुरुवातीला आपल्याकडे उतरतात तेव्हा त्यांचा विणीच्या हंगामातला रंगीत पेहराव झडून गेलेला असतो आणि ते मादीसारखेच तपकिरी, मळखाऊ दिसतात. पुस्तकातल्या चित्रातले हिरवे डोके शोधणारा नवखा माणूस अशा वेळी हमखास चुकतो. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरातल्या माझ्या नोंदी साधारण अशा असतात : ‘चांदव्याहून थोडे लहान बदक, अंगभर तपकिरी ठिपके, चोच बारीक व काळपट, उडताना पंखात चकचकीत हिरवा पट्टा, पाण्यावरून एकदम सरळ वर उठले.’ या वर्णनावरून चक्रांग हे नाव दुसऱ्यालाही काढता येते, आणि माझे नाव चुकले असले तरी माझे पाहणे वाया जात नाही. चोचीचा आकार, पायांचा रंग, शेपटी वर की खाली, एकटा की थव्यात, काय करत होता, उजेड समोरून होता की पाठीमागून, अंतर किती, एवढे लिहायला दोन मिनिटे पुरतात. सूर्य पक्ष्याच्या मागे असेल तर तेही आवर्जून लिहावे, कारण पाठीमागच्या उजेडात सगळेच पक्षी काळे दिसतात.

खात्री किती आहे हेही त्याच वेळी ठरवावे. ‘नक्की’, ‘बहुधा’ आणि ‘तसा वाटला’ या तीन शब्दांत फार मोठा फरक आहे आणि तो संदेशात जसाच्या तसा पोहोचला पाहिजे. ‘बहुधा कैकर, पण पाठमोरा आणि लांब’ असे लिहिल्याने कोणाची प्रतिष्ठा कमी होत नाही. उलट अशा माणसाने ‘नक्की’ लिहिले की लोक विश्वासाने घराबाहेर पडतात.

एकाच पक्ष्याची तीन नावे

इंदूरमध्ये पक्षी पाहणाऱ्या मराठी माणसाला हा प्रश्न रोज भेटतो. आपण घरी मराठी नावे वापरतो, बरोबरची बरीच मंडळी हिंदीत बोलतात आणि मार्गदर्शक पुस्तके बहुतेक इंग्रजीत असतात. मध्य प्रदेशाचा राज्यपक्षी दूधराज म्हणजे आपला स्वर्गीय नर्तक. हिंदीतला नीलकंठ म्हणजे आपला चास. सुर्खाब म्हणजे चक्रवाक, जांघिल म्हणजे चित्रबलाक. मी एकदा राळामंडल अभयारण्याच्या पायवाटेवर ‘स्वर्गीय नर्तक दिसला’ असे कळवले आणि शेजारच्या हिंदी भाषक मित्राने तासाभराने स्वतंत्रपणे ‘दूधराज दिखा’ असे कळवले, तेव्हा दोन वेगळे पक्षी दिसल्याचा काहींचा समज झाला. पक्षी एकच होता, झाडही एकच.

यावर उपाय साधा आहे. मिश्र मंडळींत कळवताना इंग्रजी प्रचलित नाव आधी लिहावे आणि त्याला जोडूनच आपले मराठी नाव द्यावे. मराठी नाव गाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शेकाट्या, टिबुकली, गप्पीदास, सातभाई ही नावे कोणीतरी त्या पक्ष्यांकडे नीट पाहून ठेवलेली आहेत, आणि शेकाट्या एवढे म्हटले तरी काटकुळ्या लांब पायांचा पक्षी डोळ्यांपुढे उभा राहतो. मात्र ‘बगळा’, ‘करकोचा’, ‘घुबड’, ‘बदक’ अशी कुळाची मोघम नावे एकटी वापरू नयेत. जात ओळखता आली नसेल तर ‘बदक, जात कळली नाही’ असे पूर्ण लिहावे.

नेमकी जागा

आता काकांच्या प्रश्नाकडे येतो. ‘सिरपूरला’ हा पत्ता होत नाही, ‘यशवंत सागरला’ तर मुळीच होत नाही; गंभीर नदीवरचे ते पाणी इतके पसरलेले आहे की हातोदच्या बाजूने गेलेल्या माणसाला पलीकडच्या फाट्यातले पक्षी ठिपक्याएवढेही दिसत नाहीत. जागा सांगताना तीन गोष्टी वेगवेगळ्या सांगाव्या लागतात : आपण कुठे उभे होतो, तिथून कोणत्या दिशेला पाहत होतो, आणि पक्षी आपल्यापासून किती लांब होता. बहुतेक संदेशांत या तिन्हींची खिचडी झालेली असते. फोनवरून जागेची खूण पाठवली तर ती आपण उभे असलेल्या ठिकाणाची असते, आणि येणारा माणूस पक्षी त्याच खुणेवर शोधतो.

उभे राहण्याची जागा कायम टिकणाऱ्या खुणेवरून सांगावी : प्रवेशद्वार, पाळीवरचे वळण, पाणी सोडण्याची मोरी, देऊळ, विजेचा खांब. ‘जिथे म्हशी बसतात तिथे’ ही खूण दुपारपर्यंतच चालते. ‘डावीकडे’ म्हणताना कशाकडे तोंड करून डावीकडे तेही सांगावे. पाण्याकडे तोंड केलेल्या माणसाची डावी बाजू रस्त्याकडे तोंड केलेल्याची उजवी असते, आणि एवढ्या एका शब्दावरून मी माणसे पाळीच्या चुकीच्या टोकाला गेलेली पाहिली आहेत. दिशा माहीत असल्यास पूर्व-पश्चिम लिहावे, नसल्यास घड्याळाची पद्धत वापरावी : समोरचे वाळके झाड बारा वाजता धरले तर पक्षी दोन वाजताच्या दिशेला. अंतर मीटरमध्ये सांगता येत नसेल तर ‘पाण्याच्या रुंदीच्या एक तृतीयांशावर’ असे म्हटले तरी चालते.

काकांना त्या दिवशी मी खरे तर असा संदेश पाठवायला हवा होता :

‘१४ डिसेंबर, सकाळी ७:१०. मोठे सिरपूर. प्रवेशद्वारातून पाळीवर चढल्यावर पाण्याकडे तोंड करून डावीकडे साधारण २०० पावले. तिथून समोर पाण्यात उभे असलेले वाळके झाड. त्याच्या किंचित उजवीकडे, बरेच आत. बार-हेडेड गूज, पट्टकादंब, ५. डोक्यावरचे दोन काळे पट्टे दुर्बिणीतून स्पष्ट दिसले, नक्की. पाण्यावर शांत बसले आहेत. मी ८ पर्यंत इथे आहे.’

हा संदेश वाचायला अर्धे मिनिट लागते. शेवटचे वाक्य मला सगळ्यांत उपयोगाचे वाटते, कारण येणाऱ्याला तिथे दाखवणारे कोणी भेटेल की नाही हे त्यावरून कळते आणि तो त्याप्रमाणे घाई करतो किंवा करत नाही.

संख्या आणि वेळ

‘खूप’, ‘भरपूर’, ‘थवाच्या थवा’ हे शब्द टाळावेत. मोठा थवा असेल तर त्यातले दहा पक्षी मोजून ते दृष्टीत किती जागा व्यापतात हे पाहावे आणि तेवढा तुकडा उरलेल्या थव्यावर एकामागून एक ठेवत जावे. शेकडो चांदव्यांसाठी पन्नासांचा तुकडा घ्यावा. अंदाज असेल तर ‘अंदाजे २५०’ असेच लिहावे. वेळ पक्षी दिसल्याची लिहावी, संदेश पाठवल्याची नव्हे, आणि पक्षी शेवटचा केव्हा दिसला तेही.

काय लिहू नये

यशवंत सागरच्या परिसरात सारसाची जोडी दिसणे हा आमच्याकडचा मोठा आनंद असतो. उभा राहिला की जवळजवळ माणसाच्या उंचीचा हा पक्षी, उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच, पावसाळ्यात उथळ पाण्यात किंवा शेतातल्या दलदलीत गवत-काड्यांचा ढीग रचून बहुधा दोन अंडी घालतो, आणि नर-मादी आळीपाळीने सुमारे महिनाभर ती उबवतात. एका ऑगस्टमध्ये असे एक घरटे मला शेताच्या कडेला दिसले. मी फार हरखून गेलो होतो. मी दोघा मित्रांना जागेची खूण पाठवली, ‘कोणाला सांगू नका’ असेही लिहिले. त्या दोघांनी आपापल्या विश्वासातल्या एकेकाला सांगितले.

चार दिवसांनी मी पुन्हा गेलो तेव्हा शेताच्या बांधावर सात-आठ माणसे कॅमेरे लावून उभी होती, सोयाबीनच्या दोन ओळी तुडवल्या गेल्या होत्या, आणि जोडीतला एक पक्षी घरट्यापासून दूर मान ताठ करून ओरडत होता, दुसरा अस्वस्थपणे येरझाऱ्या घालत होता. दोन्ही अंडी उघडी पडली होती आणि जवळच्या बाभळीवर कावळे बसले होते. शेतमालकाने मला एवढेच विचारले, ‘‘इतने लोगों को पता किसने दिया?’’ त्या जोडीची पिल्ले निघाली की नाही हे मला ठाऊक नाही, कारण पुन्हा तिकडे जाण्याचा धीर मला झाला नाही.

तेव्हापासून मी विणीच्या काळातल्या कोणत्याही घरट्याची जागा कोणालाही कळवत नाही, अगदी जवळच्या मित्रालाही नाही. जागा कळवायची असेल तर ती वनखात्याला किंवा त्या पक्ष्यांच्या रक्षणाचे काम प्रत्यक्ष करणाऱ्यांना कळवावी. इतरांना तहसिलीचे नाव पुरते, आणि तेही पिल्ले हिंडूफिरू लागल्यावर. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या दिली आहे तिच्यात वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणेही येते, हे प्रत्येक कॅमेरावाल्याने माहीत करून घ्यावे.

घरट्याप्रमाणेच घुबडांची दिवसा बसण्याची जागा गुप्त ठेवावी. घुबड एकाच ढोलीत किंवा फांदीवर महिनोन्‌महिने बसते, त्यामुळे एकदा फुटलेली जागा कायमची फुटते. आणि अंधश्रद्धेपोटी होणारी घुबडांची तस्करी दिवाळीच्या सुमारास वाढते. हिरवी मुनिया पिंजऱ्याच्या व्यापारासाठी पकडली जाते, म्हणून तिचा थवा दिसलेले शेत सांगू नये. रतलाम जिल्ह्यातल्या सैलान्याचा तणमोर तर आज नामशेष होण्याच्या काठावर उभा आहे. गवतातून उंच उडी मारणारा नर कोणाला दिसला तर त्याने तो रस्त्यावरून, गाडीत बसून पाहावा आणि नेमके माळरान स्वतःजवळच ठेवावे.

नवख्यांना हा नियम कधीकधी दुष्टपणाचा वाटतो. ‘तुम्ही पाहिलेत, मग आम्ही का नाही?’ असे ते विचारतात, आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. अशा वेळी नुसते ‘सांगता येणार नाही’ म्हणून तोडू नये. कारण सांगावे, आणि ज्या ठिकाणी तोच पक्षी त्याला त्रास न होता पाहता येईल ते ठिकाण सुचवावे. सारस चरायला उघड्यावर येतात, तेव्हा दूरच्या रस्त्यावरून त्यांना पाहायला कोणाचीच हरकत नसते, आणि दाखवायला सोबत गेलो तर नवखा माणूस आपल्याबरोबर अंतर राखायलाही शिकतो.

फोटो आणि आवाज

फोनमध्ये स्थाननोंद चालू असेल तर फोटोच्या आत अक्षांश-रेखांश साठवले जातात. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवल्यास ती माहिती गळून जाते, पण तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर सोबत जाते. त्यामुळे नाजूक ठिकाणी जाण्याआधी कॅमेऱ्याची स्थाननोंद बंद करावी. चित्रात मागे दिसणारा देवळाचा कळस, मोबाईलचा मनोरा किंवा गावाची पाटीसुद्धा जागा सांगून जाते, ती कापावी.

फोटो अस्पष्ट असला तरी पाठवावा, पण तो कोणत्या दिवशीचा आहे हे लिहूनच. मागच्या हिवाळ्यातला सुंदर फोटो आजच्या संदेशाला जोडला की वाचणाऱ्याला पक्षी आज दिसला असे वाटते. दुसऱ्याचा फोटो पाठवताना त्याची परवानगी घ्यावी व नाव द्यावे.

मर्लिनसारखे ॲप आवाजावरून नाव सुचवते. ती सूचना शोधाची सुरुवात म्हणून घ्यावी, नोंद म्हणून घेऊ नये. कोतवाल शिक्र्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो, हे एकदा समोर पाहिले की फोनच्या पडद्यावर उमटलेल्या नावावर डोळे मिटून विश्वास टाकवत नाही. फक्त आवाज ऐकला असेल तर ‘ऐकला, दिसला नाही’ असे लिहावे. पक्ष्याला बाहेर काढण्यासाठी त्याचाच आवाज वाजवणे मी टाळतो आणि इतरांनीही टाळावे असे मला मनापासून वाटते. आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असे समजून तो पक्षी चारा, घरटे सोडून धावत येतो.

ई-बर्डवर नोंद

मित्रांना पाठवलेला संदेश आठवड्यात विरून जातो. नोंद टिकावी, अभ्यासकांच्या उपयोगी पडावी, असे वाटत असेल तर कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने २००२ मध्ये सुरू केलेल्या ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर ती चढवावी. एका विशेष पक्ष्यापेक्षा पूर्ण यादी जास्त मोलाची असते : सुरुवातीची वेळ, किती मिनिटे पाहिले, किती चाललो, आणि ओळखता आलेला प्रत्येक पक्षी, कावळा-साळुंकीसकट. यादी छोटी ठेवावी. सिरपूरची एक, बिलावली तलावाची दुसरी, दिवसभराची एकच लांबलचक यादी करू नये. दुर्मीळ पक्ष्यासाठी ॲप वर्णन मागते, तिथे वहीतली ती दोन मिनिटांची टिपणे जशीच्या तशी उतरवावीत. प्रदेशातले परीक्षक विचारणा करतात तेव्हा ती संशयाने केलेली नसते. शांतपणे उत्तर द्यावे, आणि खात्री नसेल तर नाव बदलून कुळापर्यंतच ठेवावे. काही संवेदनशील जातींची नेमकी जागा ई-बर्ड स्वतःहून झाकून २० किलोमीटर बाजूच्या चौकोनातच दाखवते, पण सगळ्या घरट्यांना हे संरक्षण मिळत नाही. अशा वेळी यादी हंगाम संपेपर्यंत लपवून ठेवण्याची सोय वापरावी.

एकमेकांशी बोलताना

दुसऱ्याची ओळख चुकली आहे असे वाटले तर चारचौघांत ‘चूक’ असा शेरा मारू नये. आधी त्यालाच एकट्याला विचारावे, आणि विचारताना खूण दाखवावी : ‘‘काका, मला ती थापट्याची मादी वाटते, चोच टोकाला पसरट आहे का, फोटोत पुन्हा बघाल?’’ अशाने वयाने मोठ्या माणसालाही आपली नोंद स्वतः दुरुस्त करता येते. आपलीच चूक निघाली तर मात्र ज्यांना पहिला संदेश पाठवला त्या सगळ्यांना दुरुस्ती पाठवावी, जुना संदेश गुपचूप पुसून टाकू नये. तोवर तो पुढे गेलेला असतो.

प्रथम कोणी पाहिले त्याचे नाव त्याच्या संमतीने घ्यावे. कोणी विश्वासाने सांगितलेली जागा पुढे पाठवू नये, आणि पुढे पाठवायची नाही अशी सूचना संदेशाच्या अगदी सुरुवातीला लिहावी, कारण शेवटची ओळ वाचेपर्यंत काहींचा अंगठा ‘फॉरवर्ड’वर गेलेला असतो. शेतात शिरण्याआधी मालकाला हाक मारून विचारावे, गाडी बैलगाडीच्या वाटेवर आडवी लावू नये, आणि जागा कळवताना ‘ही खासगी जमीन आहे, परवानगी घ्या’ हे शब्द जोडावेत. शेतकरी एकदा दुखावला की त्या बांधावरून पुन्हा कोणालाच पक्षी पाहता येत नाहीत.

शेवटची गोष्ट बहुतेकांकडून राहून जाते. कोणी कळवलेला पक्षी पाहायला आपण गेलो आणि तो नव्हता, तर तेही कळवावे : ‘आज ६:४५ ते ८:३०, त्याच जागी, धुके ७:३० पर्यंत, पट्टकादंब दिसले नाहीत.’ या ओळीमुळे राऊहून निघालेला माणूस पेट्रोल आणि रजा वाचवतो, आणि तो पक्षी त्या पाण्यावर किती दिवस मुक्कामाला होता हे पुढे वही चाळणाऱ्याला कळते. काका अजूनही दर डिसेंबरात सिरपूरला जातात. काही दिसले नाही तरी त्यांचा संदेश येतो, आणि त्यात पहिला शब्द ‘मोठे’ किंवा ‘छोटे’ असतो.